इंडेक्स आहे, मग वापरत का नाही?

दर दोन-तीन आठवड्यांनी ऑफिसात कुणीतरी खुर्ची सरकवत येतं आणि तोच प्रश्न विचारतं: "अरे, कॉलमवर इंडेक्स आहे, तरी पोस्टग्रेस अख्खं टेबल का वाचतंय?" चेहऱ्यावर भाव असा, की घरात गॅस असताना कुणीतरी चूल पेटवली आहे. मग आजूबाजूचे जाणकार आपापले उतारे सांगतात. एक म्हणतो, सीक्वेन्शियल स्कॅन बंदच करून टाक. दुसरा म्हणतो, रँडम पेज कॉस्ट १.१ कर, सगळे तेच करतात. तिसरा (हा सहसा पूर्वी ओरॅकलवर काम केलेला असतो) हिंट देता येत नाही म्हणून उसासा टाकतो. प्लॅनरनं असं का ठरवलं असेल, हे त्या घोळक्यात कुणीच विचारत नाही.

मला याची चीड येते. कारण प्लॅनर काही लहरी साहेब नाही. तो गणित करतो, आणि ते गणित उघड आहे, सोर्स कोडमध्ये कुणालाही वाचता येतं. माझं मत असं आहे की तो बहुतेक वेळा गणित बरोबर करतो, फक्त हातात आलेली माहिती चुकीची असते. आणि आपण माहिती दुरुस्त करायची सोडून गणितातले आकडे पिळत बसतो.

आता थोडं गणित. घाबरू नका, लग्नाच्या पत्रिका वाटण्याइतकंच सोपं आहे.

समजा तुम्हाला पत्रिका वाटायच्या आहेत आणि हातात आडनावांनुसार लावलेली यादी आहे. अभ्यंकर डोंबिवलीला, आगाशे बोरिवलीला, आपटे पुन्हा डोंबिवलीला. यादीच्या क्रमानं गेलात तर दिवसभर लोकलमध्येच काढाल. हा झाला साधा इंडेक्स स्कॅन. एकाच कॉलनीत दोनशे घरं आहेत आणि त्यातल्या दीडशे घरी पत्रिका द्यायची आहे, तर यादी खिशात ठेवून सरळ दारोदार फिरलेलं बरं. नको ती पन्नास दारं सोडून द्यायची. हा सीक्वेन्शियल स्कॅन. शहाणा माणूस तिसरंच करतो: आधी यादीवरून कुठल्या-कुठल्या बिल्डिंगमध्ये जायचंय त्यावर खुणा करतो, आणि मग बिल्डिंगच्या क्रमानं एकदाच चक्कर मारतो. पोस्टग्रेसमध्ये याला बिटमॅप स्कॅन म्हणतात, २००५ साली ८.१ मध्ये आला. आणि कोकणातल्या एखाद्या गावात जिथे अख्ख्या वाडीत एकच आडनाव असतं, तिथे आडनावांची यादी आणि घरांचा क्रम आपोआप जुळतात. तिथे यादी घेऊन निघालात तरी पायपीट होत नाही.

म्हणजे प्रश्न "इंडेक्स आहे का" हा नाहीच. इंडेक्सच्या क्रमानं गेलं तर टेबलाच्या किती पानांवर उड्या माराव्या लागतील, हा आहे.

आकडे घालून बघू. ऑर्डर्सचं एक टेबल घ्या, एक कोटी रेकॉर्ड. पोस्टग्रेसचं पान ८ किलोबाइटचं, त्यात शंभर रेकॉर्ड बसतात असं धरू. एकूण एक लाख पानं. ओळीनं एक पान वाचायचा भाव १. प्रत्येक रेकॉर्ड हाताळायचा सीपीयूचा भाव ०.०१ आणि अट तपासायचा ०.००२५. पॅरलल वर्कर वगैरे बाजूला ठेवू. अख्खं टेबल वाचायची कॉस्ट: पानांचे १,००,०००, रेकॉर्डचे १,००,०००, अट तपासायचे २५,०००. एकूण २,२५,०००.

आता त्यातले फक्त एक टक्का, म्हणजे एक लाख रेकॉर्ड हवेत. कुणीही म्हणेल, एक टक्का म्हणजे इंडेक्सच. पण हे रेकॉर्ड टेबलभर विखुरलेले असतील तर? किती वेगवेगळी पानं उघडावी लागतील याचं सूत्र पोस्टग्रेसनं मॅकर्ट आणि लोहमन यांच्या १९८९ च्या पेपरातून घेतलंय. ते इथे लावलं तर उत्तर येतं सुमारे ६६,६६७ पानं. एक टक्का रेकॉर्डसाठी दोन तृतीयांश टेबल! आणि उडी मारून पान वाचायचा भाव ४. म्हणजे पानांचेच २,६६,६६७ झाले, वर इंडेक्सची पानं आणि सीपीयू मिळून आणखी तीन हजाराच्या आसपास. सीक्वेन्शियल स्कॅन स्वस्त पडला.

आता तेच एक लाख रेकॉर्ड, पण अट तारखेवर. ऑर्डर्स ज्या क्रमानं आल्या त्याच क्रमानं टेबलात लागलेल्या आहेत, त्यामुळे एक लाख रेकॉर्ड एका सलग पट्ट्यात, हजार पानांत सापडतात. पहिल्या पानाला ४, बाकीच्यांना प्रत्येकी १. सगळं धरून कॉस्ट चार हजारांच्या आत. तेच टेबल, तितकेच रेकॉर्ड, इंडेक्सचा प्रकार तोच, आणि फरक जवळजवळ सत्तरपट. इंजिनिअरिंगला आम्हाला बी-ट्रीमध्ये नोड कसा फुटतो याची आकृती आठ मार्कांना यायची. हा सत्तरपटीचा फरक कुणी एका ओळीत सांगितला नाही. असो.

(विखुरलेल्या केसमध्ये प्रत्यक्षात पोस्टग्रेस बहुधा बिटमॅप निवडेल. तिथे पानांचा भाव ४ वरून १ कडे घसरत येतो, कारण पानं जितकी जास्त तितकी ती शेजारी-शेजारी असणार. वरच्या उदाहरणात एका पानाला साधारण १.५५ पडतात आणि एकूण कॉस्ट एक लाख सात हजारांच्या घरात येते. अर्ध्याहून कमी खर्च, फक्त आधी खुणा केल्या म्हणून.)

आता त्या चारकडे येऊ, कारण सगळे हात धुऊन त्याच्याच मागे लागलेत. लोकांचा युक्तिवाद असा: चार हा फिरत्या हार्ड डिस्कच्या काळातला आकडा, आता एसएसडी आहेत, उडी मारायला आणि ओळीनं वाचायला सारखाच वेळ लागतो, म्हणून १.१ करा. ऐकायला बरोबर वाटतं. पण फिरत्या डिस्कवर उडीची किंमत चारपट कधीच नव्हती, त्याहून कितीतरी जास्त होती. पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की या चारचा अर्थ असा घ्या: उडी चाळीसपट महाग, पण शंभरातली नव्वद पानं कॅशमध्येच सापडतील. चाळीसचा दहावा हिस्सा चार. म्हणजे हा आकडा नुसता डिस्कबद्दल बोलत नाही, तुमच्या मेमरीबद्दलही बोलतो. दोन वेगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या आहेत, आणि माझ्या मते खरी तक्रार करायची तर ती याबद्दल करावी.

१.१ लिहिणारा माणूस नकळत म्हणतो की माझा डेटा जवळजवळ सगळा कॅशमध्ये आहे, किंवा माझी डिस्क उड्यांना घाबरत नाही. असेलही. दहा जीबीचा डेटाबेस आणि चौसष्ट जीबी रॅम असेल तर खुशाल करा. पण दोन टीबीचं टेबल क्लाउडमधल्या नेटवर्क डिस्कवर असेल, जिथे सेकंदाला किती वाचनं करायची यावर मर्यादा असते, तिथे एकेक पान उडी मारत मागवणं आणि ओळीनं घाऊक मागवणं यात आजही मोठा फरक पडतो. ओळीनं वाचताना ऑपरेटिंग सिस्टिम पुढची पानं आधीच आणून ठेवते. उड्या मारताना तिला पुढचं पान कुठलं हे कळायला मार्ग नसतो. त्यामुळे आपण हार्डवेअर न बघता १.१ करतो तेव्हा एका अंदाजाच्या जागी दुसरा अंदाज बसवतो, तोही दुसऱ्याच्या मशीनवरचा. हे सेटिंग टेबलस्पेसनुसार वेगळं देता येतं, हे सांगितलं की लोक आश्चर्यानं बघतात :)

आणि कॅशबद्दलचा अजून एक गैरसमज. 'इफेक्टिव्ह कॅश साइझ' नावाचं सेटिंग मोठं केलं की प्लॅनरला वाटतं सगळं मेमरीत आहे, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. एकाच क्वेरीत तेच पान पुन्हा लागलं तर ते कॅशमध्ये टिकलेलं असेल का, एवढंच तो त्यावरून ठरवतो. आत्ता या क्षणी कुठलं टेबल मेमरीत आहे, हे प्लॅनरला माहीत नसतं. त्यामुळेच तीच क्वेरी सकाळी पहिल्यांदा चालवली की रखडते आणि दुसऱ्यांदा पळते, प्लॅन आणि कॉस्ट मात्र दोन्ही वेळा तेच. कॉस्ट म्हणजे मिलिसेकंद नव्हेत. एक पान ओळीनं वाचायचा खर्च म्हणजे एक, या मापात सांगितलेला तो भाव आहे, बस्स.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आकडा वेगळाच आहे, तो म्हणजे कोरिलेशन. कॉलमच्या किमतींचा क्रम आणि डिस्कवर रेकॉर्ड पडलेत तो क्रम, यांची किती गट्टी आहे ते उणे एक ते अधिक एकमध्ये सांगणारा. अॅनलाइझ चालतं तेव्हा तो मोजला जातो आणि पीजी-स्टॅट्समध्ये कुणालाही दिसतो. वरच्या उदाहरणातला चार हजार आणि पावणेतीन लाख यांच्यामधला फरक हाच आकडा ठरवतो. पोस्टग्रेस दोन टोकांच्या कॉस्ट काढतो आणि कोरिलेशनच्या वर्गानं त्यांच्यामध्ये जागा शोधतो. वर्ग म्हणजे काय, तर कोरिलेशन ०.५ असेल तर निम्मा नाही, पाव फायदाच मिळतो. आपल्या टेबलाची कॉस्ट साधारण दोन लाख तीन हजारांवर येते. इंडेक्समध्ये एकाहून जास्त कॉलम असतील तर कोरिलेशन सरळ ०.७५ नं गुणतात. का ०.७५? तर काहीतरी कमी करायला हवं म्हणून. सोर्स कोड वाचायचा हा एक आनंद असतो, मोठमोठ्या गणिताच्या मधोमध असा एखादा घरगुती आकडा सापडतो.

पण या आकड्याला एक मोठी खोट आहे. समजा जुना डेटा आणताना महिन्यांच्या फायली उलटसुलट क्रमानं लोड झाल्या: आधी ऑगस्ट, मग मार्च, मग डिसेंबर. प्रत्येक महिना आतून सलग आहे, मार्चच्या ऑर्डर्स हव्या असतील तर एका पट्ट्यात मिळतील. पण सगळ्या टेबलाचं कोरिलेशन काढलं तर ते शून्याच्या आसपास येऊ शकतं, आणि प्लॅनर समजतो की सगळं विखुरलेलं आहे. ओरॅकलचा क्लस्टरिंग फॅक्टर इथे जास्त हुशार आहे, कारण तो इंडेक्सच्या क्रमानं चालताना ब्लॉक किती वेळा बदलला ते मोजतो. मात्र दोन-चार सेशन एकाच वेळी शेजारच्या ब्लॉकमध्ये लिहीत असतील तर तोही विनाकारण घाबरतो, म्हणून ओरॅकलला नंतर त्यासाठी वेगळी सोय द्यावी लागली. म्हणजे ओरॅकलवाल्या मित्रांनीही फार खूश होऊ नये.

आता मूळ दुखण्याकडे. वरच्या सगळ्या गणितात मी "एक लाख रेकॉर्ड हवेत" असं गृहीत धरलं. प्लॅनरला ते कुठून कळणार? तो अंदाज करतो. हा धंदा जुना आहे. आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पावरच्या पॅट सेलिंजर आणि सहकाऱ्यांच्या १९७९ च्या पेपरात आजच्या बहुतेक प्लॅनरांची कुंडली सापडते. माहिती नसेल तर "पेक्षा जास्त" अशा अटीतून किती रेकॉर्ड पार होतील? त्यांनी लिहिलं, एक तृतीयांश. आणि प्रामाणिकपणे हेही लिहिलं की या आकड्याला विशेष अर्थ नाही, तो बरोबरीच्या अटीपेक्षा ढिला आणि निम्म्याहून कमी आहे इतकंच. पोस्टग्रेसच्या सोर्समध्ये तो ०.३३३३ आजही नांदतोय.

अर्थात माहिती असेल तेव्हा तो वापरावा लागत नाही. पण माहिती म्हणजे तरी काय, डिफॉल्ट सेटिंगला अॅनलाइझ तीस हजार रेकॉर्डचा नमुना घेतं. एक कोटीतले तीस हजार. वेगवेगळ्या किमती किती आहेत याचा अंदाज मोठ्या टेबलांवर यातून बऱ्याचदा कमी येतो. आणि दोन अटी असल्या की त्या एकमेकींपासून स्वतंत्र मानून गुणाकार होतो. शहर पुणे: दहा टक्के. पिनकोड ४११०३८: एक टक्का. दोन्ही मिळून? प्लॅनर म्हणतो ०.१ टक्का. आपण जाणतो की कोथरूड पुण्यातच आहे, त्यामुळे उत्तर एक टक्काच. त्याला कुणी सांगितलेलं नाही. सांगायची सोय २०१७ मध्ये आवृत्ती १० बरोबर आली, क्रिएट स्टॅटिस्टिक्स. मी जितक्या प्रोडक्शन डेटाबेसमध्ये डोकावलोय, तिथे ती वापरलेली क्वचितच बघितली. १.१ मात्र जवळपास सगळीकडे.

हे माझंच रडगाणं नाही. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांच्या खऱ्या डेटावर, आयएमडीबीवर, प्लॅनरांची परीक्षा घेतली. निष्कर्ष असा की रेकॉर्डसंख्येच्या अंदाजातल्या चुकांपुढे कॉस्ट मॉडेलच्या चुका किरकोळ आहेत. आणि आपल्याकडे बंगळुरूच्या आयआयएससीमध्ये जयंत हारित्सा यांच्या गटानं पिकासो नावाचं टूल बनवलं. निवडीचं प्रमाण बदलत जाताना प्लॅनर कुठे कुठला प्लॅन घेतो याचा रंगीत नकाशा ते काढतं. काही नकाशे खरंच पिकासोच्या चित्रासारखे दिसतात, बारीक बारीक रंगांचे तुकडे. त्याच गटानं दाखवलं की कॉस्ट वीस टक्के वाढलेली चालणार असेल तर ते डझनावारी प्लॅन कमी होऊन साधारण दहावर येतात. म्हणजे कॉस्ट नेमकी किती यावर फार रक्त आटवायची गरज नाही. रेकॉर्डचा अंदाज शंभरपट चुकला तर मात्र कुठलाही भाव तुम्हाला वाचवत नाही.

म्हणून माझा क्रम साधा आहे. एक्स्प्लेन अॅनलाइझ चालवायचं (आवृत्ती १८ पासून त्यात बफर्सचे आकडे आपोआप येतात, आधीच्यांत सांगावे लागतात). प्रत्येक पायरीवर अंदाजे रेकॉर्ड आणि खरे रेकॉर्ड शेजारी-शेजारी बघायचे. ते जुळत नसतील तर कॉस्टच्या आकड्यांना हात लावायचा नाही, आधी स्टॅटिस्टिक्स नीट करायची. जुळत असूनही निवड चुकत असेल, तेव्हा कुठे चारबद्दल बोलू. सीक्वेन्शियल स्कॅन बंद करणं हे निदानासाठी ठीक आहे: दुसरा प्लॅन खरंच वेगवान आहे का ते एका सेशनमध्ये बघून घ्यायचं, आणि परत चालू करायचं. प्रोडक्शनच्या कॉन्फिगमध्ये ते लिहून ठेवणं म्हणजे ताप दिसू नये म्हणून थर्मामीटर फोडणं.

एका बाबतीत मात्र मी प्लॅनरची बाजू घेणार नाही, ती म्हणजे लिमिट. "या ग्राहकाच्या शेवटच्या दहा ऑर्डर्स द्या", प्रत्येक अॅपमध्ये असलेली क्वेरी. ग्राहकाच्या दहा हजार ऑर्डर्स आहेत, एक कोटीत हजारात एक. प्लॅनर विचार करतो: तारखेच्या इंडेक्सवरून मागे मागे येत जाऊ, दर हजार रेकॉर्डमागे याची एक ऑर्डर सापडेल, म्हणजे दहा हजार रेकॉर्ड बघितले की काम झालं. स्वस्त! पण हा ग्राहक २०१९ मध्येच सोडून गेलाय. त्याच्या सगळ्या ऑर्डर्स जुन्या. मग बिचारा डेटाबेस आजपासून २०१९ पर्यंत लाखो रेकॉर्ड चाळत मागे जातो, दहा ऑर्डर्ससाठी. इथे दहा हजारांचा अंदाज अगदी बरोबर होता. चुकलं ते "सगळीकडे सारखे पसरलेत" हे गृहीत. क्रिएट स्टॅटिस्टिक्सही इथे कामाला येत नाही. सक्रिय ग्राहकांना क्वेरी मिलिसेकंदात, सोडून गेलेल्यांना मिनिटं, आणि सपोर्टची टीम "आमच्याकडे तर चालतंय" म्हणत बसते.

काही जण ऑर्डर बायमध्ये तारखेला शून्य दिवस मिळवून प्लॅनरला तो इंडेक्स दिसू नये अशी युक्ती करतात. चालते ती. पण सहा महिन्यांनी कुणीतरी तो शून्य निरुपयोगी म्हणून काढतो. मला ग्राहक आणि तारीख असा जोड-इंडेक्स जास्त पटतो: ग्राहकाच्या फांदीवर उतरायचं, शेवटचे दहा उचलायचे, निघायचं. सगळीकडे सारखे पसरलेत की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

मी हे ज्या टेबलासाठी सुचवलं त्यावर आधीच चौदा इंडेक्स होते. वर्षभर क्लायंटच्या प्रत्येक स्लो क्वेरीच्या तिकिटाला उत्तर म्हणून एक नवा इंडेक्स टाकून तिकीट बंद करायची पद्धत होती तिथे. प्रत्येक नवीन ऑर्डर आली की चौदा ठिकाणी नोंद. स्टेटस कॉलमवरही इंडेक्स, म्हणजे ऑर्डर "पाठवली" वरून "पोचली" झाली तरी चौदाही इंडेक्सना नवी नोंद, कारण अपडेट त्याच पानात गुपचूप उरकायची पोस्टग्रेसची सवलत इंडेक्स असलेला कॉलम बदलला की रद्द होते. वापराच्या आकडेवारीत त्यातले पाच इंडेक्स शून्य. जोड-इंडेक्स आला की नुसत्या ग्राहकावरचा वेगळा इंडेक्सही फारसा लागत नाही. म्हणून मी लिहिलं: एक वाढवा, सहा काढा. वाढवलेला दुसऱ्या दिवशी मंजूर झाला. काढायच्या सहांसाठी मीटिंग लावली आहे, अजून झालेली नाही.